लाकडी आऱ्यांची मोटार

नवी मोटार दारात उभी राहिली की लोक तिच्याभोवती फिरून रंग बघतात, गादी दाबतात, भोंगा वाजवतात. मी आधी बघतो, ही माणसाला कुठं लागेल. स्टेअरिंगच्या दांड्यापासून छाती किती लांब आहे, काच फुटली तर कुणीकडं उडेल, दाराची मूठ बाहेर किती आली आहे. घरातले हसतात. म्हणतात, म्हाताऱ्याला मोटारीत बसवा, पण मोटार दाखवू नका. हसोत बापडे. ज्या मोटारींवर माझा हात बसला त्या माणसं मारत होत्या, आणि मारायच्या सगळ्या जागा त्यांच्या घडणीतच होत्या.

एकोणीसशे वीस सालानंतर सोलापूर भागात सर्व्हिस मोटारी सुरू झाल्या, तेव्हाचं सांगतो. इंजिन आणि सांगाडा मुंबईहून यायचा, वरचा लाकडी डबा सोलापुरात सुतार बांधायचे. स्टेअरिंगचा दांडा सरळ ड्रायव्हरच्या बरगड्यांवर रोखलेला. समोरची काच खिडकीला बसवतात तसली साधी, फुटली की तिच्या सुऱ्या व्हायच्या. पेट्रोलची टाकी काही मोटारींत चक्क ड्रायव्हरच्या गुडघ्यांवर, कारण पेट्रोल आपल्या वजनानं खाली उतरलं पाहिजे. आणि हँडल! आजच्या पोरांना हँडल सांगूनही कळायचं नाही. मोटारीच्या तोंडात लोखंडी दांडा घालून तो जोरानं फिरवायचा, तेव्हा इंजिन जागं व्हायचं. ठिणगी वेळेआधी पडली तर ते हँडल उलटं फिरून हातावर यायचं. म्हणून हँडल मारताना अंगठा मुठीत वळवायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, ही आमची पहिली बाराखडी. ती मला हाड मोडल्यावर पाठ झाली. उजवं मनगट आजही वाकडं आहे. हाताला फळ्या बांधलेल्या असताना मी डाव्या हातानं त्याच मोटारीचं पितळ पुसत होतो. वेडाला औषध नाही.

आमचं घर वळसंगचं, धंदा गाडीवानीचा. आई लवकर गेली. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. आप्पांनी जन्मभर बैलगाडीनं सोलापूरच्या गिरण्यांना कापूस पोचवला. त्यांच्या गाडीमागं कायम एकच गाडी असायची, त्यांच्या जोडीदाराची. त्याला आम्ही काका म्हणायचो. नात्याचा नव्हता, पण आप्पांनी भाकरीचा तुकडा त्याच्याशिवाय मोडलेला मी पाहिला नाही. दोघं रस्ताभर भांडायचे, आणि भांडण एकाच गोष्टीवरून, चाकावरून.

चाक म्हणजे आप्पांचं दैवत होतं. आमच्याकडचा उन्हाळा लाकडाचा जीव काढतो. चैत्र लागला की चाकाचे आरे आकसतात, चाकाभोवतीची लोखंडी धाव सैल पडते, गाडी कण्हायला लागते. गाडीवान मग काय करतो? गाडी ओढ्यात घालतो. बैल सोडून चाकं पाण्यात भिजत ठेवतो. लाकूड पाणी पितं, फुगतं, आरे घट्ट बसतात. ओढा आटला असेल तर चाकाला ओली पोती गुंडाळून वर घागरी ओतायच्या. आप्पा म्हणायचे, "बैल एक दिस उपाशी ऱ्हाईल, चाक तहानलं ऱ्हाता कामा न्हाय." काका म्हणायचा, जास्त पाण्यानं लाकूड कुजतं. यावर त्यांची चार कोस जुंपायची.

माझा थोरला भाऊ, दादा, यानं बैल विकून जुनी मोटार घेतली तेव्हा आप्पांनी घरात अन्न घेतलं नाही. मग एके दिवशी गुपचूप येऊन ते मोटारीपाशी उकिडवे बसले. मी लांबून बघत होतो. त्यांनी चाकावर हात फिरवला आणि त्यांचा चेहरा खुलला. त्या मोटारीची चाकं लाकडी आऱ्यांची होती. रबरी धावेच्या आत चांगले जाडजूड, पिवळ्या रंगाचे लाकडी आरे. आप्पांनी एकेका आऱ्याला टिचकी मारून नाद ऐकला आणि म्हणाले, "लाकूड चांगलं हाय. कारागीर जाणता व्हता." त्या दिवसापासून ती मोटार त्यांना घरातली झाली.

त्या मोटारीत एक खोट होती, आणि ती मला तेव्हाही खटकायची. ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. चाकाच्या तुंब्याला, म्हणजे मधल्या गड्ड्याला, एक लोखंडी डबी, त्या डबीभोवती बाहेरून एक पट्टा. पायाखालची दांडी दाबली की तो पट्टा डबीला आवळायचा, बस. वर झाकण नाही, आडोसा नाही. धूळ, चिखल, तेल, जे रस्त्यात असेल ते सगळं पट्ट्याखाली. हाताचा ब्रेकही त्याच डबीत. पंचवीस माणसं, त्यांची बोचकी, कोंबड्या, टपावर कडब्याच्या पेंढ्या, एवढा सगळा भार दोन उघड्या पट्ट्यांच्या जिवावर. ज्यानं ही मोटार काढली त्यानं ती पळवायचा विचार दहा वेळा केला असेल, थांबवायचा एकदाच. मला हे बोलून दाखवायची सवय होती, आणि दादा म्हणायचा, "तुला थांबायचंच आसंल तर बैलगाडीत बस की."

थांबायला तेव्हा कुणालाच वेळ नव्हता. अक्कलकोटचा एक लिंगायत व्यापारी होता, त्याला सगळे अण्णा म्हणत. त्यानंही सर्व्हिस काढली, अक्कलकोट ते सोलापूर, मधे वळसंग. म्हणजे आमच्या तोंडचा घास. त्याची मोटार नवी कोरी, चाकं पत्र्याची, आणि ब्रेक चारी चाकांना, डबीच्या आतून. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा खाली लोळून अर्धा तास बघत होतो. दादाला सांगितलं तर तो खो खो हसला. म्हणाला, "म्होरच्या चाकाला बिरीक? येक दिस अण्णा कोलांटी खाऊन मसणात जातोय बग." तेव्हा पुष्कळ ड्रायव्हरांना असंच वाटायचं, की पुढची चाकं अडवली तर मोटार डोक्यावर उलथेल.

मग सुरू झाली मारामारी. अण्णा प्रवाशांना विडीकाडी फुकट द्यायचा, दादा सोडावॉटर पाजायचा. तेवढ्यानं भागेना म्हणून प्रवासी ओढायला लागले. एका म्हाताऱ्याचा एक हात अण्णाच्या माणसाकडं आणि दुसरा आमच्याकडं, अशी ओढाओढ होऊन त्याचा खांदा निखळलेला मी पाहिला आहे. सोलापूरच्या मोटारअड्ड्यावर आठवड्याला एक तरी डोकं फुटायचं. हत्यार कुठून आणायची गरज नव्हती, प्रत्येकाच्या मोटारीत हँडल होतंच. अण्णा स्वतः हातघाईवर यायचा. धोतर खोचून, कपाळाचं भस्म घामानं ओघळत, कानडीत शिव्या देत अंगावर यायचा. एकदा त्यानं दादाची मान बॉनेटखाली धरून वरून झाकण दाबलं. दादानं सुटल्यावर त्याच्या कानाचा लचका तोडला. मीही मागं नव्हतो. माझं रक्त तेव्हा पेट्रोलसारखं होतं, आणि मारताना मला बरं वाटायचं, हे काय लपवायचं.

रस्त्यावर तर शर्यतच. जो पुढं जाईल त्याला वाटेतला प्रवासी मिळायचा. दोन्ही मोटारी धुळीत शेजारी शेजारी, मडगार्डला मडगार्ड घासतंय, आतल्या बाया देवाचा धावा करताहेत, आणि दादा दात काढून हसतोय. बैलगाड्या शेतात घुसायच्या. काका आपली गाडी कडेला घेऊन आम्हाला ओरडायचा, "आरं, जनावर हाय का मानूस?" दादा भोंगा वाजवून उत्तर द्यायचा.

वैशाख होता. मोटार रात्री वळसंगला मुक्कामी असायची आणि सकाळी सोलापूरची खेप करायची. आदल्या संध्याकाळी आम्ही आलो तेव्हा चाकं करकरत होती. आप्पा अंगणात बसले होते. म्हणाले, "चाकं तहानली." दादा चिडलेलाच होता, अण्णानं त्या दिवशी आमच्या मोटारीत बसलेले प्रवासी पळवले होते. तो म्हणाला, "आप्पा, चाकाला हात लावू नगा. मी बगतो." आप्पांच्या मनाला ते लागलं. ज्या माणसानं जन्मभर चाकं राखली, त्याला पोरगा सांगतो चाकाला हात लावू नका.

आम्हीही आरे ओले करायचो, नाही असं नाही. पण दादा फडकं पिळून एकेक आरा पुसायचा आणि आधी ब्रेकच्या डबीवर रबराचा तुकडा बांधायचा. पट्टा ओला झाला की तो डबीवरून नुसता घसरतो, हे आम्हाला मोटार विकणाऱ्यानं सांगितलं होतं. आप्पांना हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं कुणाच्या मनातच आलं नाही. बैलगाडीला ब्रेक नसतो. उतारावर बैलच मागं रेटतात, तोच ब्रेक. चाकात चाकाशिवाय आणखी काही असतं, हे आप्पांना कसं कळावं?

आम्ही उठायच्या आधी आप्पांनी चारी चाकांना ओली पोती गुंडाळली, आडावरून घागरी आणून ओतल्या, आणि चाकं पोटभर पाणी प्याली तशी पोती सोडून गोठ्यात टाकली. आम्ही बाहेर आलो तेव्हा जमीन ओली होती. मोटार रोज धुतलीच जायची, त्यामुळं आम्हाला वेगळं काही वाटलं नाही. आप्पा कडुलिंबाखाली दात घासत होते. चेहऱ्यावर समाधान होतं, ते मला आजही दिसतं.

प्रवासी भरले. एरवी दादा गल्लीतच एक-दोनदा ब्रेक दाबून बघायचा. पण तेवढ्यात अक्कलकोटच्या बाजूनं अण्णाचा भोंगा वाजला. दादा ओरडला, "बस!" मी हँडल मारून ते आत फेकलं आणि फूटबोर्डवर उडी घेतली.

गाव सोडलं की लगेच ओढ्याचा उतार लागायचा. उताराच्या तळाला अरुंद फरशी, म्हणजे ओढ्यावरचा बुटका पूल, आणि त्या दिवशी सोलापूरचा बाजार, त्यामुळं फरशीवर बैलगाड्यांची रांग. दादानं वरूनच ब्रेकवर पाय दिला. पाय खाली गेला आणि मोटारीला त्याचा पत्ताच नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसता प्रश्न होता. त्यानं हातब्रेक ओढला, तोही रिकामा. मग खालचा गिअर टाकायला गेला. त्या काळच्या गिअरांना वेग जुळवून घ्यावा लागायचा, नाही जुळला तर दात दातांवर आपटायचे. तसंच झालं. कर्रर्र करून गिअर सुटला, आणि मोटार मोकळी धावायला लागली.

आत किंकाळ्या सुरू झाल्या. दादा भोंगा पिळत होता, मी फूटबोर्डवरून बोंबलत होतो, "बाजूला व्हा!" गाड्यांना बाजू होतीच कुठं? दोन्हीकडं फरशीचा कठडा. रांगेत शेवटची गाडी काकाची होती. तो बैलांच्या शेजारी पायी चालत होता. वळून त्यानं मोटार पाहिली, आणि पळायचं सोडून बैलाची वेसण धरून ओढायला लागला.

आदळल्याचा आवाज मला आठवत नाही. आठवतं ते असं. काचेच्या सुऱ्या, दादाचं कपाळ उघडं. स्टेअरिंगचा दांडा त्याच्या छातीत. रेडिएटर फुटून उकळतं पाणी माझ्या मांडीवर. एक बैल गाडीखाली, त्याची शिंगं फुटलेली, आणि तो हंबरतोय तो आवाज माणसाचा वाटावा असा. मोटारीच्या नाकापुढं, कठड्याला दाबलेला, काका. वेसण हातातच होती. बॉनेट त्याच्या पोटात गेलं होतं. माझ्याकडं बघत बघत गेला.

गाडीवान धावून आले. जुवांच्या शिवळा उपसल्या, शिवळ म्हणजे बैलाच्या मानेशेजारची दांडकी, आणि आम्हाला बडवायला सुरुवात केली. दादाला दारातून ओढून काढला. त्याचा गुडघा मोटारीच्या पत्र्यात अडकला होता, तरी तसाच ओढला. मी मांडी धरून रेडिएटरच्या पाण्यानं झालेल्या चिखलात पडलो होतो. माझ्या पाठीवर शिवळ पडत होती आणि माझे डोळे मोटारीच्या मागच्या चाकावर होते. डबीतून पाणी ठिबकत होतं. आऱ्याच्या बेचक्यात पोत्याची सुतळी अडकली होती. मी दादाकडं पाहिलं. रक्तानं भरलेल्या डोळ्यांनी तोही तिकडंच बघत होता.

गर्दी फाकली. आप्पा धावत आले होते. लोकांना वाटलं, बाप आहे, पोराला सोडवील. आप्पांनी काका पाहिला. ते त्याच्यापाशी बसले, त्याच्या हातातली वेसण सोडवली, तोंडावर हात फिरवला. मग उठले. काकाचा चाबूक रस्त्यात पडला होता, तो उचलला. आप्पांनी बैलावर कधी चाबूक ओढला नव्हता, नुसता हवेत वाजवायचे. तो त्यांनी दादाच्या तोंडावर ओढला.

"शर्यत लावतुस? शर्यत? मानूस मारलंस!"

दादा पडला. आप्पा मारत राहिले. मानेवर, पाठीवर, मोडलेल्या गुडघ्यावर. सदरा फाटला, कातडं फाटलं. मघाशी मारणारे गाडीवानच आता आप्पांना धरायला लागले. दादा हात आडवा करत नव्हता. मी ओरडलो, "आप्पा, थांबा! बिरीक..." दादानं पडल्या जागेवरून माझा पाय धरून मला खाली ओढलं आणि माझं तोंड मातीत दाबलं.

तेवढ्यात अण्णाची मोटार येऊन थांबली होती. अण्णा उतरला. आमच्या मोटारीभोवती फिरला, वाकला, मागच्या चाकाच्या डबीला बोट लावलं. बोट ओलं झालं. त्यानं ती सुतळी ओढून काढली. तो मोटारवाला होता, त्याला कळायला वेळ लागला नाही. त्यानं आप्पांकडं पाहिलं, मग दादाकडं. दादानं चिखलात पडल्या पडल्या दोन्ही हात जोडले. ज्याच्या कानाचा तुकडा तोडला त्या माणसाला. अण्णानं सुतळी खिशात घातली आणि मला म्हणाला, "सुम्मनिरो. गप ऱ्हा आता."

पोलिसांनी दादाला नेला. मी कोठडीच्या गजांपाशी गेलो आणि म्हटलं, "दादा, मी आप्पाला सांगतो. कोर्टातबी सांगतो. तू मारलं न्हाईस, बिरकीत गेलेल्या पान्यानं मारलं." त्यानं गजांतून हात घालून माझी मान धरली आणि माझं तोंड गजावर आपटलं. पुढचा दात गेला. एकदा आपटून तो थांबला नाही. शिपाई ओरडत आला तेव्हा सोडलं.

"म्हाताऱ्याकडं काय ऱ्हायलंय?" तो धापा टाकत म्हणाला. "काका गेला. आता चाकबी काढून घेतोस व्हय? त्याच्या हातानं त्याचा काका मेला, आसं सांगनार हाईस? सांगून बग. बाहेर आल्यावर तुजा जीव घीन."

मला दादाचा राग आला, आप्पांचा आला, त्या उघड्या पट्ट्यांच्या ब्रेकचा आला. पण मी गप्प राहिलो. कोर्टात दादानं सांगितलं, शर्यत लावली, ब्रेक उशिरा दाबला. अण्णाला साक्षीला बोलावलं, तेव्हा त्यानं एवढंच सांगितलं की मी मागं होतो, मला काही दिसलं नाही. दादाला सजा झाली आणि मोटारीचा परवाना कायमचा गेला.

सुटून आला तो एक पाय ओढत. मानेवर चाबकाचा वळ होता, तो पुढं कधी गेला नाही. आप्पा त्याच्याशी बोलले नाहीत. त्याचं ताट गोठ्यात जायचं. काकाचा चाबूक आप्पांनी दारासमोरच्या खुंटीला टांगला होता, येता-जाता दादाच्या डोळ्यांपुढं. वर्षं गेली. आप्पा पारावर बसून लोकांना सांगायचे, "चाकांची काय चूक न्हवती. चाकं मी सोता पानी पाजून ठेवली व्हती, येक आरा निखळला न्हाय. मानूस नासका निगाला." ते ऐकलं की माझ्या तोंडातली दाताची जागा ठणकायची. मी उठून जायचो.

मोटार सोडणं मला जमणार नव्हतं. शेवटी मला कामावर घेतलं ते अण्णानंच. "येनो, काय रे, शिव्या देनार का मोटार चालिवनार?" एवढंच त्यानं विचारलं. त्याची नवी मोटार मी चालवायला लागलो. चारी चाकांना ब्रेक, चाकं पत्र्याची, समोरची काच फुटली तरी न विखुरणारी. काय सुंदर यंत्र होतं! पायाखाली दांडी दाबली की सगळी मोटार एकदम जमिनीला बसायची. पहिल्यांदा दाबली तेव्हा मला रडू आलं. हे आधी का काढलं नाही रे, असं मी मोठ्यानं म्हणालो. तरी एक गोष्ट त्याही ब्रेकला चुकली नव्हती. ओढ्यातून मोटार काढली की डबीत पाणी शिरायचं. मग पलीकडं चढल्यावर मोटार चालती ठेवून ब्रेक हलका हलका दाबायचा, घासून घासून पट्टे वाळवायचे, आणि मगच वेग घ्यायचा. हा नियम मी कधी मोडला नाही.

भाद्रपदात आप्पांच्या पायाला जखम झाली आणि पाय सडायला लागला. सोलापूरला नेल्याशिवाय इलाज नव्हता. मोटारीत बसणार नाही म्हणून ते अडून बसले. पाय काळा पडायला लागला तेव्हा आम्ही त्यांना उचलूनच घातलं. मागं हिसके बसतात म्हणून पुढं, माझ्या शेजारी. उचलायला दादा लागणारच होता, तो मागं बसला. बाप-लेक एका मोटारीत, पण तोंडं दोन दिशांना.

ओढ्याला पाणी होतं, फरशीवरून वाहत होतं. मी मोटार सावकाश पलीकडं काढली आणि ब्रेक दाबायला लागलो. लोक मला नंतर विचारायचे, ते तू मुद्दाम केलंस का? ओला ब्रेक वाळवायचा असतो. शेजारी यम बसला असता तरी मी वाळवला असता.

मोटार अडखळत चालली. आप्पांनी जन्मभर चाकाचा नाद ऐकलेला.

"चाकात काय आडकतंय?"

"काय न्हाय, आप्पा."

"मला शिकवू नगं. काय तरी घासतंय."

"बिरीक वाळवतोय."

"बिरीक तर तुज्या पायाखाली हाय न्हवं?"

"पायात नुस्ती दांडी. बिरीक चाकात असती. पानी गेलं की धरत न्हाय."

आप्पांनी वाकून पुढच्या चाकाकडं पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "समद्या मोटारींला चाकात?"

मी उत्तर द्यायच्या आत मागून दादा म्हणाला, "आपल्या मोटारीला न्हवती, आप्पा. तिची येगळी व्हती." इतक्या वर्षांत तो त्यांच्याशी बोललेला पहिला शब्द, आणि तोही खोटा.

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी समोर बघत राहिलो. मला खोटं बोलता आलं नाही.

"मागं फिरव," ते म्हणाले.

"आप्पा, डॉक्टर..."

"मागं फिरव म्हंतो!"

घरापुढं मोटार थांबली तशी ते सडक्या पायानं कुणाचा हात न धरता उतरले. दारासमोरच्या खुंटीचा चाबूक काढला, बंडी फाडून काढली, आणि स्वतःच्या खांद्यावरून पाठीवर चाबूक ओढायला लागले. एक, मग दुसरा, दात-ओठ खाऊन. हाडांवर कातडं, त्यावर लाल रेघा उठायला लागल्या. दादा लंगडत धावला आणि त्यांच्या पाठीला मिठी मारून चिकटला. वर उचललेला चाबूक खाली आला तो दादाच्याच पाठीवर.

आप्पांच्या हातातून चाबूक पडला. दादा त्यांना तसाच धरून होता. आप्पांनी हात मागं नेऊन चाचपडत त्याच्या मानेवरचा वळ शोधला आणि त्यावर हात ठेवला. किती वेळ ते उभे होते मला सांगता यायचं नाही. मग दादा म्हणाला, "चला. डॉक्टर थांबलाय."

आता दोघंही मागं बसले. ओढा ओलांडून मी चढावर आलो. मला घाई होती, आप्पांचा पाय घाण मारत होता, म्हणून ब्रेक दोनदा दाबून मी वेग घ्यायला लागलो.

मागून आप्पांचा हात माझ्या खांद्यावर आला.

"पुरती वाळू दे," ते म्हणाले. "मी थांबतो."